कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला टेलिकन्व्हर्टर: १.४, १.७ की २.२?

पत्र: मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही भिगवणला, कुंभारगावच्या बाजूला पक्षी बघायला जातो. भावाने त्याचा जुना कॅनन पॉवरशॉट जी१२ मला दिलाय. कॅमेरा छान आहे, पण झूम पुरत नाही. रोहित (फ्लेमिंगो) फोटोत ठिपक्याएवढे येतात आणि खंड्या तर शोधावाच लागतो. एका दुकानात ‘२.२ एक्स एचडी’ लिहिलेली ५८ मिमीची टेलिलेन्स दाखवली, स्वस्तही आहे. ओळखीतले एक जण म्हणतात कॅननचाच १.४ पटीचा कन्व्हर्टर घ्या, दुसरे म्हणतात ऑलिंपसचा १.७ पटीचा घ्या. आकडा मोठा तेवढा पक्षी मोठा, तर मग २.२ का नको? आणि कन्व्हर्टर लावला की फोटोचे कोपरे काळे होतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर:

ताई, टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सला जोडून लांबचं मोठं दाखवणारी जादा काच. दुकानातली २.२वाली घेऊ नका. रोहितांसाठी जुना पण चांगल्या स्थितीतला १.७ पटीचा ऑलिंपस मिळाला तर तो घ्या. आणि खंड्यासाठी यातला कुठलाच कन्व्हर्टर घेऊ नका, कारण तिथे तुमचं काम होणार नाही. आता याची कारणं सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना तुमच्या हाती काहीतरी असेल.

जी१२चा झूम ३५ मिमी फिल्मच्या हिशोबात २८ ते १४० मिमी आहे (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणि फोटो ३६४८ × २७३६ पिक्सेलचा, म्हणजे १० मेगापिक्सेल. साधारण १.३ मीटर उंचीचा मोठा रोहित ४० मीटरवर उभा आहे असं धरा. पूर्ण झूमवर तेवढ्या अंतरावरची सुमारे ७.४ मीटर उंचीची चौकट कॅमेऱ्यात मावते, त्यामुळे पक्षी फोटोत जेमतेम ४८० पिक्सेल उंच येतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला तर तो ६७० होतो, १.७चा लावला तर ८१५च्या आसपास. २.२चा आकडा खरा धरला तर १०५० व्हायला हवा. कागदावर हाच सगळ्यांत सरस दिसतो, म्हणूनच तो डब्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

पण कन्व्हर्टरची खरी स्पर्धा दुसऱ्या कन्व्हर्टरशी नसते, ती असते साध्या क्रॉपशी. कन्व्हर्टर न लावता काढलेला फोटो संगणकावर कापला तरी पक्षी तेवढाच मोठा दिसतो, फक्त पिक्सेल कमी उरतात. १.४ पटीसाठी कापलात तर १० मेगापिक्सेलमधले सुमारे ५ उरतात. १.७साठी साडेतीनच्या जवळपास, २.२साठी जेमतेम दोन. कन्व्हर्टरची काच इतकी चांगली हवी की तिच्यातून आलेला फोटो या कापलेल्या फोटोपेक्षा स्पष्टपणे सरस दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर पैसे देऊन तुम्ही फक्त गळ्यात वजन वाढवलंत.

१.४च्या बाबतीत फरक इतका थोडा पडतो की मोबाइलवर पाठवायच्या फोटोत तो कोणाच्या लक्षातही येत नाही. कॅननचा टीसी-डीसी५८डी हा या कॅमेऱ्यासाठीच बनवलेला आहे, बसायलाही निर्धोक आहे, पण १४०चे तो १९६ मिमी करतो, बस. तुम्ही शाळेच्या फलकावर लावायला ए४ छपाई काढत असाल तर हिशोब थोडा बदलतो. ए४ची लांब बाजू ३०० डीपीआयला (छपाईत दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८ पिक्सेल मागते, ती जी१२चा पूर्ण फोटो कशीबशी भागवतो. १.७साठी कापलेला फोटो त्याच कागदावर १८० डीपीआयपर्यंत खाली येतो. हात लांब करून बघताना तो चालून जातो, पण मुलं फलकाला नाक लावून पिसं मोजायला लागली की फरक दिसतो. १.७चा चांगला कन्व्हर्टर उपयोगाचा ठरतो तो इथे.

२.२च्या स्वस्त काचेचं काय बिघडतं ते पाहू. या कन्व्हर्टरची रचना गॅलिलिओच्या दुर्बिणीसारखी असते: पुढे फुगीर भिंगांचा गट, मागे खोलगट भिंगांचा. दोन्ही गटांत मिळून काचा किती, कुठल्या प्रकारच्या आणि त्यांवर लेप कसा, यावर सगळं ठरतं. पट वाढवायची तर काचा जास्त आणि जास्त काटेकोर लागतात. स्वस्तात हे जमत नाही, मग मधोमध बरं दिसतं आणि कडेला फोटो विरघळल्यासारखा होतो. आकाशासमोरच्या फांदीला जांभळी किनार येते. गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यावर ती किनार फार खुपते, कारण पिसांचा रंग नेमका कुठे संपतो हेच कळेनासं होतं.

काचेवरचा लेप तुम्ही दुकानातच पाहू शकता. कन्व्हर्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि काचेत दिव्याचं प्रतिबिंब बघा. लेप असेल तर प्रतिबिंबं मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतात. एखादं जरी पांढरंशुभ्र, लख्ख दिसलं तर त्या पृष्ठभागावर लेप नाही. भिगवणच्या पाण्यावर सकाळचं ऊन चमकतं तेव्हा असली काच सगळ्या फोटोवर धुरकट पडदा धरते. डब्यावरचा पटीचा आकडाही तपासून घ्या. विटांच्या भिंतीसमोर एकाच जागेवरून, पूर्ण झूमवर, एकदा कन्व्हर्टरशिवाय आणि एकदा लावून फोटो काढा आणि आडव्या विटा मोजा. आधी १७ विटा मावत होत्या आणि आता १० मावतात, तर १.७ पट खरी. २.२ लिहिलेल्यावर जर १७च्या १०च झाल्या, तर दुकानदाराला दोन्ही फोटो दाखवा.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. ‘टेलिकन्व्हर्टर’ म्हटलं की काही जण डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा) काढून देतात, जो कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसतो. तुमची लेन्स निघतच नाही, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला लेन्सच्या पुढे लावायचा हवा. पुढे लावायच्या प्रकाराचा मोठा फायदा असा की उजेड जवळजवळ तेवढाच राहतो. मध्ये बसणारा १.४ पटीचा एक स्टॉप खातो, म्हणजे उजेड निम्मा करतो, दोन पटीचा दोन स्टॉप. जी१२ पूर्ण झूमवर एफ/४.५ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान तेवढा उजेड जास्त) देतो आणि १.७ लावूनही एफ/४.५च राहतो. याचं कारण सोपं आहे: पूर्ण झूमवर लेन्सची खरी फोकल लांबी ३०.५ मिमी (१४० हा फिल्मच्या हिशोबातला आकडा), तिला ४.५ने भागलं की उजेड आत शिरण्याचं भोक ६.८ मिमीचं. १.७ पटीला पुढच्या काचेत ११.५ मिमीचा गोल पुरतो आणि या कन्व्हर्टरची पुढची काच त्याहून कितीतरी मोठी असते.

आता जोडणी. जी१२वर कन्व्हर्टर थेट लेन्सला लावायचा नसतो, लावताही येत नाही. लेन्सच्या मुळाशी एक कडं आहे, शेजारचं बटण दाबून ते फिरवलं की निघतं. तिथे कॅननची एलए-डीसी५८के ही नळी बसते आणि नळीच्या पुढच्या तोंडाला ५८ मिमीचे आटे असतात. सगळं वजन नळीवर, नळीचं कॅमेऱ्याच्या अंगावर. बाहेर येणाऱ्या नाजूक झूम-नळकांड्यावर काही टांगलं जात नाही, हे फार महत्त्वाचं. ज्या छोट्या कॅमेऱ्यांना असं कडं नसतं, त्यांच्या लेन्सच्या तोंडाला गोंदाने किंवा चुंबकाने कन्व्हर्टर चिकटवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. तेवढं वजन ओढताना झूमची बारीक मोटर आणि दाते झिजतात, आणि एकदा लेन्स अडकली की त्या कॅमेऱ्याची दुरुस्ती बहुधा परवडत नाही.

ऑलिंपसच्या टीकॉन-१७ आणि टीकॉन-१७एक्स या दोन्हींच्या मागे ५५ मिमीचे आटे आहेत. म्हणजे ५८ची नळी आणि ५५चा कन्व्हर्टर यांच्या मध्ये एक रिंग लागते. मागताना ‘५८–५५ स्टेप-डाउन’ असंच म्हणा. पहिला आकडा कॅमेऱ्याच्या बाजूचा, दुसरा पुढच्या वस्तूचा. नुसतं ‘५५ आणि ५८ची रिंग’ म्हणालात तर बहुतेक वेळा उलटी, म्हणजे ५५–५८ हातात पडते, कारण फिल्टरसाठी तीच जास्त खपते. रिंग लावताना आधी उलट दिशेने हळू फिरवा, आटे एकमेकांत पडल्याचा बारीकसा ‘टक’ जाणवेल, मग सुलट आवळा. तिरकी चढली तर ॲल्युमिनियमचे आटे एका झटक्यात खराब होतात.

दुसऱ्या कंपनीचा कन्व्हर्टर लावण्याआधी एक माप घ्याच. नळी न लावता कॅमेरा सुरू करा, झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या आणि लेन्स कड्यापासून जास्तीत जास्त किती बाहेर येते ते व्हर्नियरने किंवा पट्टीने मोजा. झूमच्या मधल्या टप्प्यांवरही मोजा. मग नळीची लांबी अधिक रिंगची जाडी, यातून कन्व्हर्टरची मागची काच किंवा तिची कड आत जेवढी घुसते ते वजा करा. उरलेली लांबी लेन्सच्या मापापेक्षा किमान २ मिमी जास्त हवी. कमी असेल तर कॅमेरा सुरू करताच लेन्स काचेवर आपटेल. फार जास्त असेल तर तुमच्या पत्रातले ते काळे कोपरे वाढतात.

काळ्या कोपऱ्यांचं म्हणाल तर ते खरं आहे, पण तो दोष नाही. कन्व्हर्टर फक्त लांब झूमसाठी बनवलेला असतो. २८ मिमीवर कॅमेरा इतक्या रुंद कोनातून बघतो की त्याला नळीच्याच भिंती दिसतात, फोटो गोल खिडकीतून काढल्यासारखा येतो. झूम वाढवत नेलात की गोल पसरत जातो आणि एका टप्प्यावर कोपरे स्वच्छ होतात. तो टप्पा घरीच पांढऱ्या भिंतीसमोर शोधून ठेवा आणि कन्व्हर्टर असताना त्याच्या खाली येऊ नका. जवळचं काही रुंद टिपायचं झालं, तर कन्व्हर्टर काढण्याला पर्याय नाही. नावेत हे धांदलीचं होतं, म्हणून मुलांचे आणि नावेचे फोटो आधी काढून घ्या, मग नळी चढवा.

कन्व्हर्टर लावल्यावर जवळचं फोकस लांब पळतं, ते पटीच्या वर्गाने. कॅमेरा आधी ५० सेंमीवर फोकस करत असेल तर १.७ लावल्यावर ते अंतर २.९ पट, म्हणजे जवळपास दीड मीटर होतं. कॅमेरा सारखं फोकस शोधत बसला तर बिघडला असं समजण्याआधी दोन पावलं मागे जाऊन बघा.

फ्लॅश बंद ठेवा. नळी आणि कन्व्हर्टर मध्ये आल्याने फोटोच्या खालच्या भागात अर्धगोल सावली पडते, आणि तशीही त्याची पोच तिथवर नसते. वरच्या छोट्या काचेच्या खिडकीतून बघणंही सोडा, अर्धी नळीच दिसेल. मागच्या पडद्यावर बघा. फोकसची चौकट मधोमध आणि लहान ठेवा, नाहीतर कॅमेरा पक्ष्याऐवजी मागच्या गवतावर फोकस धरतो. छिद्र एफ/५.६ ठेवा. ४.५ला कन्व्हर्टरच्या कडा थोड्या मऊ पडतात, आणि एफ/८वर एवढ्याशा सेन्सरमुळे (फोटो टिपणाऱ्या चकतीमुळे) विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, तपशील खाऊन टाकतं. ‘जास्त बंद केलं की जास्त धारदार’ हा मोठ्या कॅमेऱ्यांचा नियम इथे चालत नाही.

हात हलण्याचा दोषही १.७ पटीने मोठा होतो. कॅमेऱ्याला पुढे काच लावल्याचं आपोआप कळत नाही, त्यामुळे इमेज स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारी सोय) १४० मिमीच्याच हिशोबाने सावरतो आणि कमी पडतो. मेनूत कन्व्हर्टरची नोंद करायची सोय दिसली तर ती कॅननच्या स्वतःच्या कन्व्हर्टरसाठी असते, तरी टेलीची नोंद करून आणि न करता दहा-दहा फोटो काढून बघा. उभ्या पक्ष्याला शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, नाव डोलत असेल तर १/५००, उडणाऱ्या थव्याला १/१०००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० करावा लागला तर करा. थोडे दाणे चालतात, हललेल्या फोटोचं काहीच करता येत नाही. डावा तळहात कन्व्हर्टरच्या खाली ठेवा, कॅमेरा उजव्या हातात नुसता लटकू देऊ नका.

भिगवणला काचेइतकीच वेळही महत्त्वाची. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि कन्व्हर्टर ती थरथरही मोठी करतो. मग लोक काचेला दोष देतात. उजाडता उजाडता पाण्यावर असाल तर तीच काच वेगळी वाटेल. आणि अंतराचा हिशोब पुन्हा बघा: नाव ४०ऐवजी २० मीटरवर असेल तर कन्व्हर्टरशिवायच रोहित ९६० पिक्सेलचा होतो, म्हणजे १.७ लावून ४० मीटरवरून मिळतो त्याहून मोठा. नावाड्याला मोटर लांबच बंद करायला सांगा, पुढे बांबूने किंवा वल्ह्याने हळूहळू, तिरकं जाऊ द्या. पक्ष्यांनी खाणं थांबवून एकसाथ माना वर केल्या की तिथेच थांबायचं. त्यापुढे गेलात तर थवा उठतो, आणि फोटोसाठी थवा उठवणं मुलांच्या समोर तर नकोच.

आता खंड्या. छोटा खंड्या म्हणजे १७ सेंमीचा जीव. १५ मीटरवर, पूर्ण झूमवर, तो जी१२मध्ये १६७ पिक्सेल येतो. १.७ लावूनही २८५. म्हणजे पक्षी ओळखू येईल, पण फोटो म्हणण्यासारखा होणार नाही. इथे कन्व्हर्टरवर कन्व्हर्टर चढवायचा मोह होतो, तो टाळा. दोन कन्व्हर्टर एकापुढे एक लावले की दोघांचे दोष गुणले जातात. छोट्या पक्ष्यांची खरोखर ओढ असेल तर कन्व्हर्टरचे पैसे बाजूला ठेवा आणि मोठ्या झूमचा जुना ब्रिज कॅमेरा (न निघणाऱ्या, पण खूप लांब झूमच्या लेन्सचा) बघा. उदाहरणार्थ २०१२चा कॅनन एसएक्स५० एचएस, २४ ते १२०० मिमी, १२ मेगापिक्सेल. त्याच १५ मीटरवर, पूर्ण झूमला, तोच खंड्या दीड हजार पिक्सेलच्या पुढे जातो. त्याचा सेन्सर जी१२पेक्षा लहान, संध्याकाळी दाणे जास्त, पण दिवसाउजेडी हा फरक कुठलाही कन्व्हर्टर भरून काढणार नाही. जी१२ मग मुलांचे, गावाचे, पाण्याचे फोटो काढायला ठेवा. त्यात तो उत्तमच आहे.

रोहितांपुरता १.७ घ्यायचं ठरलं तर तो बहुतेक वापरलेलाच मिळेल. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात हातात घेऊन बघता येईल. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. सगळीकडे सारखं धुकं दिसलं तरी नको. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चालेल, फोटोत दिसत नाही. मागच्या काचेवरचा जास्त त्रास देतो. कानाशी हलवून बघा, आतून खडखड आली तर भिंग सैल आहे आणि एक बाजू कायम धूसर येणार. दोन्ही झाकणं आहेत का तेही बघा, मागचं झाकण नंतर मिळणं अवघड जातं. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. कातडी केसमध्ये घालून कपाटात ठेवून देऊ नका, ते ओल धरतं.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून आधी तीन फोटो मागा: टॉर्च मारून काढलेला काचेचा, मागच्या आट्यांचा, आणि कन्व्हर्टर लावून काढलेला, विजेच्या तारा आकाशासमोर दिसतील असा. तिसऱ्याची मूळ फाइल मागा. मेसेजमधून आलेला बारीक केलेला फोटो नको, त्यात जांभळी किनार झाकली जाते. तार मधोमध काळी आणि स्वच्छ हवी, कोपऱ्याकडे जाताना थोडी रंगली तर चालेल, पण दोन तारा दिसायला लागल्या तर नको. हे तीन फोटो हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका, आणि आल्यावर वाटलं तर आमच्याकडे पाठवा, आम्ही बघून सांगू.